पुणे ते नागपूर : अंतर आणि वेळ यांविषयीचे काही गैरसमज

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि नागपूरचा सोनेगाव विमानतळ यांमधील अंतर विचारले असता पुष्कळ सुशिक्षित माणसेही सडकेचा सातशेहून अधिक किलोमीटरांचा आकडा निःशंकपणे सांगतात. परंतु सडक गावे जोडत आणि नद्यांचे पूल गाठत वळसे घेते, तर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले या दोन धावपट्ट्यांमधील निकटतम अंतर सुमारे ६०० किलोमीटरच भरते. प्रत्यक्ष विमान मात्र नेमून दिलेल्या हवाई मार्गाने जात असल्यामुळे त्याहून थोडे अधिक कापते.

याहून बळकट गैरसमज वेळेचा आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने पाऊण तासाची ही मजल, मग वेळापत्रकात दीड तासाच्या आसपासची मुदत का, असा आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि त्यावरून विमान कंपनीच्या हेतूविषयी संशयही घेतला जातो. वस्तुस्थिती अशी की, वेळापत्रकातील मुदत चाकांपुढील अडसर काढल्यापासून मुक्कामी ते पुन्हा लावले जाईपर्यंत मोजतात. ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणे, धावपट्टीच्या टोकापर्यंत संथपणे जाणे, तेथे आपली पाळी येण्याची वाट पाहणे, हे सारे तिच्यात जमा होते. शिवाय पस्तीस हजार फुटांवरून उतरण्यास साधारण दोनशे किलोमीटर आधीच आरंभ करावा लागतो, चढण्यातही जवळपास तेवढेच अंतर खर्ची पडते. म्हणजे पूर्ण वेगाने समपातळीवर उडण्यास उरतो तो जेमतेम एकतृतीयांश मार्ग. विमान उडते आणि उतरते ते शक्यतो वाऱ्याच्या समोरून, त्यामुळे वाऱ्याचा रोख पाहून प्रसंगी विमानतळाला वळसा घालून यावे लागते. लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे असल्याने तेथील धावपट्टी लढाऊ विमानांबरोबर वाटून घ्यावी लागते, हेही ध्यानी धरले पाहिजे. पंख्याच्या लहान विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास असल्याने त्याचा हिशेब अर्थातच निराळा.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून नागपूरहून पुण्याला येणे लवकर घडते, ही समजूत तर सर्वस्वी निराधार होय. कारण भोवतालचे वातावरण पृथ्वीसमवेतच फिरत असते. दोन दिशांच्या प्रवासात तफावत पडते ती उंचावरील वाऱ्यांमुळे, आणि आपल्या प्रदेशात हे वारे ऋतुमानाप्रमाणे चक्क उलटतात : हिवाळ्यात ते पश्चिमेकडून वाहतात व नागपूरला जाणाऱ्या विमानाला साह्य करतात, पावसाळ्यात त्याच उंचीवर पूर्वेचे वारे प्रबळ होऊन पुण्याला परतणाऱ्याची काही मिनिटे वाचवतात. अशा वेळी विमान नियत वेळेपूर्वी पोहोचले, तर वैमानिकाने घाई केली असे समजण्याचे कारण नाही. वाऱ्याची साथ लाभली, धावपट्टी मोकळी मिळाली, आणि विलंबासाठी राखून ठेवलेली मुदत शिल्लक राहिली.