ट्रॅक्टरची घरगुती दुरुस्ती

ट्रॅक्टर घरीच खोलल्याने मजुरी वाचते, असा पुष्कळ कास्तकार बंधूंचा समज आहे. आमचाही होता. गेल्या मृगात कळंब तालुक्यातील आमच्या रानात सोयाबीनच्या पेरणीस वाफसा आला, तोच इंजिन दम खाऊ लागले. म्हणून आम्ही त्याचा डिझेल पंप अंगणातच खोलला. या पंपाचे भाग इतके काटेकोर बसविलेले असतात की, धुळीचा बारीक कणही त्यांस चरे पाडतो. शेवटी पंप शहरात नेऊन यंत्रावर तपासून घ्यावा लागला. तो खर्च वहीत लिहिला. परंतु तोवर वाफसा गेला, तो कोणत्या सदरी मांडावा? तेल बदलणे, फिल्टर पालटणे, नळीतील हवा काढणे ही कामे घरी अवश्य करावी. पण तीही उन्हाळ्यातच.