कारवानी कुत्रा व त्याची निगा

आमच्या अहमदपूरशेजारच्या चाकूर तालुक्यांतील जानवळ हें गांव कारवानी कुत्र्यांसाठीं प्रसिद्ध आहे. व्यापारी तांड्यांसमवेत पश्चिमेकडून आलेल्या सलुकी कुत्र्यांची ही नातलग जात, असें मानितात. कानांवर लांब केस असल्यास तिला पश्मी म्हणतात. कर्नाटकांतील मुधोळ कुत्रा तिचाच सोयरा. सन २००५ मध्यें त्याचें चित्र टपाल तिकिटावर आलें.

निमुळतें तोंड, खोल छाती, खपाटीस गेलेलें पोट. हा उपाशीच आहे असें समजून नवखा मालक त्यास भाकऱ्या चारून लठ्ठ करितो, व धांव बिघडवितो. हा कुत्रा वासापेक्षां नजरेनें शिकार हेरतो. ससा दिसला कीं हांक ऐकत नाहीं. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें सशाहरिणांची शिकार गुन्हा आहे, यास्तव त्यास रानांत मोकळा सोडूं नये. जन्मभर साखळीसही बांधूं नये. कुंपणाआंत रोज धांव हवी. चाबकानें तो सुधारत नाहीं, बिथरतो.

दफ्तरांतील तारखा आम्हीं कधीं चुकविल्या नाहींत. पिलाच्या लसीची मात्र चुकविली, आणि तें रक्ताच्या हगवणीनें चार दिवसांत गेलें. पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्यांत, पुढील पशुवैद्य सांगेल तेव्हां; पिसाळण्याच्या रोगावरील तिसऱ्या महिन्यांत, व मग दरवर्षीं टोचावी. या जातीच्या अंगीं चरबी थोडी असल्यानें कांहीं गुंगीचीं औषधें तिला बाधतात. शस्त्रक्रियेपूर्वीं पशुवैद्यास जात अवश्य सांगावी. थंडींत निजावयास जाड गोणपाट द्यावें.