आधी गाडी ढकला!

आमच्या परभणीकडे मोटारसायकल शिकवायला मास्तर लागत नाही, मामा पुरतो. मोकळं मैदान, मागच्या सीटवर मामा आणि कानाशी ओरडा, ‘क्लच सोड, क्लच सोड!’ क्लच झटकन सुटतो, गाडी उडी मारून बंद पडते. हे शिक्षण वाईट नाही, अपुरं आहे.

पुतणीला अठरावं सरलं, शिकाऊ परवाना हातात आला. पक्क्या परवान्याच्या परीक्षेला त्यानंतर किमान तीस दिवस थांबावं लागतं. ते मी पुरेपूर वापरले. पहिल्या दिवशी इंजिन बंद. गाडी ढकलायची, स्टँडवर घ्यायची, तिचं वजन ओळखायचं. (पोरगी वैतागली.) मग अर्ध्या क्लचवर चालण्याच्या वेगाने वीस पावलं. हेल्मेट मात्र मैदानातही.

खरा वाद ब्रेकचा. ‘पुढचा दाबू नकोस, पडशील,’ असं घराघरांत सांगतात. प्रत्यक्षात ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी थांबवण्याचं मोठं काम तोच ब्रेक करतो. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकदम, पण दाब हळूहळू वाढवत. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो. तिथे वेग चिखलाच्या आधीच कमी करायचा, चिखलात नव्हे.

वहिनींचा प्रश्न एकच : कॉलेजातून यायला अंधार पडला तर? उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच, याची खात्री कोण देणार? शेवटचा आठवडा आम्ही दिवेलागणीला वसमत रस्त्यावर काढला.