बासवाल्याच्या गाडीत जागा नव्हती

बास गिटार कोणी काढली, असं कुठल्याही वादकाला विचारा. उत्तर ठरलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे लिओ फेंडर, साल १९५१, वाद्याचं नाव प्रिसिजन बास. उत्तर खोटं नाही, फक्त पंधराएक वर्षं उशिराचं आहे. १९३६ च्या सुमारास, अमेरिकेच्या पार वायव्य कोपऱ्यातल्या सिॲटल शहरात पॉल टटमार्क नावाचे एक गायक चार तारांची, भरीव लाकडाची, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेली, आडवी धरून वाजवायची विजेवरची बास गिटार रीतसर कॅटलॉग छापून विकत होते. तिचं नाव ऑडिओव्हॉक्स ७३६. कॅटलॉगात तिला ‘बास फिडल’ म्हटलेलं होतं, कारण ‘बास गिटार’ म्हटलं तर गिऱ्हाइकाला काही कळलंच नसतं.

टटमार्क माझ्या डोक्यात शिरले ते घरच्या उद्योगामुळे. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात बास माझ्या वाट्याला आला, कारण तो दुसऱ्या कोणाला नको होता. मग वाजवता वाजवता उघडून बघायची खोड लागली. पिकअपची कॉइल, तांब्याची केसासारखी तार, सागवानाच्या फळ्या, फेव्हिकोल आणि सोल्डरचा वास यांनी घराची गॅलरी व्यापली. घरी बास बनवणारा माणूस कधी ना कधी ‘हे पहिल्यांदा कोणी केलं असेल’ या प्रश्नाशी येऊन थांबतोच.

टटमार्क १८९६ साली मिनियापोलिसमध्ये जन्मले. गळा टेनर पट्टीतला, आणि हात हवाइयन स्टील गिटारवर बसलेला. सिॲटलला ते गात, वाद्यवृंद चालवत आणि शिकवण्या करत. त्या काळी अमेरिकेत हवाइयन संगीताची लाट होती. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी दांडीने वाजवायच्या या गिटारचा एकच दोष होता, तो म्हणजे आवाज. भोंगे आणि ड्रम सुरू झाले की ती ऐकूच येत नसे.

इथून पुढची हकिगत मुख्यतः एका कागदावर उभी आहे. पॉल यांचे चिरंजीव बड टटमार्क (मूळ नाव वडिलांचंच) हे स्वतः स्टील गिटारवादक आणि वाद्य बनवणारे. इलेक्ट्रिक गिटार आणि इलेक्ट्रिक बास यांच्या शोधाची खरी हकिगत आपण सांगतो आहोत, असं शीर्षकातच ठणकावणारा एक लेख त्यांनी लिहिला. लेख उघड उघड मुलाने बापाची बाजू मांडलेला आहे. तो वाचताना एक हात खिशातल्या पेन्सिलीवर ठेवावा लागतो. पण त्यात जे तपशील आहेत ते कुठल्याही कंपनीच्या इतिहासात सापडणार नाहीत.

बड सांगतात त्यानुसार, १९३० च्या आसपास स्पोकेन गावाहून आर्ट स्टिम्सन नावाचा माणूस टटमार्कना भेटायला आला. टेलिफोनच्या आत चुंबक आणि तारेची कॉइल असते, बोलण्याच्या कंपनांची त्यातून वीज होते. मग गिटारच्या तारेच्या कंपनांची का होऊ नये, हा त्याचा प्रश्न. दोघांनी फोन खोलून बघितले. रेडिओ दुरुस्त करणारे बॉब विझनर मदतीला आले. नालाच्या आकाराचा चुंबक, भोवती बारीक तारेची गुंडाळी (हाच पिकअप) आणि तिला जोडलेला रेडिओचा ॲम्प्लिफायर अशी जुळणी झाली, आणि गिटार बोलू लागली.

टटमार्क पेटंटच्या मागे लागले. बड यांच्या म्हणण्याप्रमाणे वकिलावर ३०० डॉलर खर्च झाले. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती. सल्ला मिळाला, की टेलिफोनची पेटंटं आधीपासून असल्यामुळे याचं पेटंट मिळणार नाही. मग एक दिवस टटमार्कना बाजारात डोब्रो कंपनीची नवी इलेक्ट्रिक गिटार दिसली. आत आपलाच पिकअप आहे, असं त्यांना वाटलं. चौकशीअंती कळलं, की स्टिम्सन लॉस एंजेलिसला गेला आणि त्याने ही कल्पना ६०० डॉलरला विकली.

या भांडणात स्टिम्सनची बाजू सांगणारा मुलगा नाही. मूळ कल्पना त्याचीच होती असं बड यांच्याच लेखावरून दिसतं, तर मग त्याने स्वतःची वस्तू विकली, एवढंच म्हणता येईल. चोर कोण, यापेक्षा मला वकिलाचा सल्ला जास्त खुपतो. कारण त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ यांनी चुंबकी पिकअपची स्टील गिटार बनवली, रिकनबॅकर यांच्याबरोबर १९३२ पासून विकली, १९३४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि पेटंट कार्यालयाच्या शंकाकुशंकांना पुरून उरत १९३७ च्या ऑगस्टमध्ये ते मिळवलंसुद्धा. म्हणजे दार बंद नव्हतं, फक्त बराच वेळ ठोठावावं लागणार होतं.

पेटंटचा नाद सोडून टटमार्क वाद्यं बनवायला लागले. विझनर वीज सांभाळत, एमराल्ड बॉन्सगार्ड नावाचा तरुण कारागीर लाकूडकाम आणि नक्षी बघे. नाव ठेवलं ऑडिओव्हॉक्स. इथे बड यांच्या लेखातला माझा सर्वांत आवडता भाग येतो. वडिलांना वाद्यवृंदातल्या बासवाल्याची दया येई, असं ते लिहितात. त्याचा डबल बास माणसापेक्षा उंच. तो गाडीत घातला, की चालकापुरतीच जागा उरे. बाकीचे वादक एका गाडीत गप्पा हाणत प्रवास करत आणि बासवाला बिचारा मागून एकटाच येई. बास लहान करायचा, म्हणजे त्यालाही माणसांत बसता येईल.

वाद्यांच्या शोधाची इतकी साधी, माणुसकीची दुसरी कहाणी मला माहीत नाही. म्हणूनच तिच्याबद्दल संशय आला, की गोड गोष्टीवर मुलाने पदरची साखर तर घातली नाही? पण इथे एक परका साक्षीदार आहे. १७ फेब्रुवारी १९३५ च्या ‘सिॲटल पोस्ट-इंटेलिजन्सर’मध्ये टटमार्क आणि त्यांच्या नव्या विजेच्या बासची बातमी छायाचित्रासह आली आहे. बातमीचा रोख तोच आहे: थिएटर सुटल्यावर अंधाऱ्या रस्त्यांवरून अवजड बास ओढत घरी जाणाऱ्या वादकाची लोक कीव करत आले, आता त्याची सुटका झाली. म्हणजे ही कळकळ मागाहून रचलेली नाही. १९३५ मध्ये टटमार्क वार्ताहरालाही हेच सांगत होते.

पहिला नमुना त्यांनी पाइनच्या लाकडात चेलोच्या आकाराचा कोरला होता. आत पोकळी नाही, सगळं भरीव. त्यामुळे लहान होऊनही तो जडच. मग तो बेत सोडून अक्रोडाच्या काळ्या लाकडाची ४२ इंच लांबीची वस्तू आली, तीच ७३६. ती उभी धरायची नाही, गिटारसारखी गळ्यात घ्यायची; आणि मानेवर फ्रेट. माझ्या मते खरी उडी हीच. विजेवरचे उभे बास त्या काळात इतरांनीही काढले, रिकनबॅकरचाही होता. पण उभ्या बासला फ्रेट नसतात. सूर कुठे आहे हे कानाने आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाने शोधावं लागतं. फ्रेट बसवले, की गिटार येणारा कोणीही बासला हात घालू शकतो. टटमार्क यांच्या पत्नी लोरेन कुटुंबाच्या वाद्यवृंदात हा बास वाजवत. जगातल्या पहिल्या बास गिटारवादकांत एका बाईचं नाव आहे, हे आजच्या बासवादक मोहिनी डेच्या चाहत्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

बासची किंमत होती सुमारे ६५ डॉलर, जोडीचा ॲम्प्लिफायर सुमारे ७५. अंदाजे शंभर नग बनले असं मानतात. पुढे सगळं सामसूम. १९४८ च्या सुमारास बड यांनी ‘सेरेनेडर’ नावाने स्वतःचा इलेक्ट्रिक बास काढला, तोही फार चालला नाही. वडील १९७२ मध्ये वारले. पीटर ब्लेचा या सिॲटलच्याच संगीत-इतिहासकाराने १९९९ मध्ये एका गिटारविषयक मासिकात ७३६ ची कहाणी मांडली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला पत्ता लागला.

मग १९३६ ला जे फसलं ते १९५१ ला का चाललं? फेंडर हुशार आणि टटमार्क दुर्दैवी, हे उत्तर मला पटत नाही. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. एवढा खोल सूर मोठ्याने ऐकवायला हवा हलवणारा मोठा स्पीकर लागतो आणि त्याला हाकायला भरपूर वीज. तीसच्या दशकातल्या छोट्या ॲम्प्लिफायरांच्या हे आवाक्याबाहेरचं होतं. टटमार्कनी बासवाल्याचा प्रवास सोपा केला, पण नाचाच्या हॉलमध्ये भोंग्यांपुढे तो ऐकू यायला हवा, हा अर्धा प्रश्न उरला. फेंडर मुळात रेडिओ दुरुस्तीवाले. त्यांना गिटार वाजवता येत नसे, पण आवाज कुठे अडतो ते कळत असे. प्रिसिजनपाठोपाठ १९५२ मध्ये त्यांनी १५ इंची स्पीकरचा ‘बासमन’ ॲम्प्लिफायर बाजारात आणला. शिवाय त्यांच्याकडे कारखाना होता आणि विक्रेत्यांची फळी होती.

दुसरा फरक तारेच्या लांबीचा. ७३६ ची तार सुमारे ३० इंच, प्रिसिजनची ३४. घरी मान बनवणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, तिथे पुढचा फ्रेट. ३४ इंचांवर पहिला फ्रेट साडेअठ्ठेचाळीस मिलीमीटरवर येतो, ३० इंचांवर जेमतेम त्रेचाळीसवर. आखूड मान बोटांना सोपी, पण जाड तार तिच्यावर सैल पडते आणि सूर भसाडा होतो. चौतीस इंचांवर तार ताठ राहते, सूर ठाशीव येतो. त्याची किंमत मान मोजते: चार तारांचा मिळून ७०-८० किलोंचा ताण रात्रंदिवस लाकडाला ओढत असतो. म्हणून आत पोलादी ट्रस रॉड घालायचा, नाहीतर पावसाळ्यात सागवान काय खेळ करतं ते मुंबई-कोकणातल्या कोणाही हौशी कारागिराला विचारावं.

१९५२ च्या जुलैत समीक्षक लेनर्ड फेदर यांनी ‘डाउन बीट’ या नियतकालिकात लायनल हॅम्प्टन यांच्या बँडमधल्या फेंडर बास या नवलाची दखल घेतली, आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातला हत्यारं परजणाऱ्यांचा भाग आवडतो. १९६१ मध्ये लंडनच्या बासवादक बिल वायमन यांनी ८ पौंडांचा जुना बास घेतला, लाकूड तासून आकार लहान केला आणि नवे बसवायचे म्हणून फ्रेट उपटले. सूर इतका गोड आला, की नवे बसवलेच नाहीत. जॅको पास्टोरियस यांनी १९६२ च्या फेंडर जॅझ बासचे फ्रेट काढून खाचा बुजवल्या आणि वर होड्यांना लावायचं इपॉक्सी ओतलं. टटमार्कनी ज्या फ्रेटमुळे बास सर्वांचा केला, ते काढून टाकून या मंडळींनी तो पुन्हा अवघड केला. ‘क्वीन’ बँडचे बासवादक जॉन डीकन यांनी तर कचऱ्यात सापडलेल्या सर्किटचा ॲम्प्लिफायर बनवला आणि तो बासला नव्हे, त्याच बँडमधल्या ब्रायन मे यांच्या गिटारला उपयोगी पडला.

बासवाल्याचं एकटेपण मात्र आकाराने लहान झाल्यामुळे संपलं नाही. डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांचा पाया होते. उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवत, १९६२ च्या प्रिसिजनवरच्या जाड सपाट तारा तुटल्याशिवाय बदलत नसत. पण १९७१ पर्यंत मोटाउनच्या तबकडीवर त्यांचं नाव छापलं गेलं नाही. १९८३ मध्ये कंपनीने पंचविशी साजरी केली, तेव्हा ते तिकीट काढून प्रेक्षकांत बसले. त्याच वर्षी त्यांचा बास चोरीला गेला आणि पाठोपाठ ते गेले. आपल्याकडे वेगळं काय घडलं? मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी दशकानुदशकं हिंदी गाणी उभी केली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात बासवर टोनी वाझ होते. गाणी घराघरांत पाठ आहेत, नाव किती घरांत ठाऊक आहे?

२०१८ मध्ये एक ऑडिओव्हॉक्स ७३६ ऑनलाइन लिलावात वीस हजार डॉलरच्या वर गेला. एका बासला दिलेला तो पैसा मंदीतल्या टटमार्कना पेटंटच्या वकिलांची फौज पोसायला पुरला असता. पहिलेपणाच्या खटल्यात माझा निकाल असा: वाद्य टटमार्क यांचं, ते जगभर ऐकू जाईल असं करण्याचं काम फेंडर यांचं, आणि त्यातून काय बोलायचं हे शिकवलं जेमरसन यांनी. वाद्याच्या डोक्यावर नाव मात्र एकाचंच छापलं गेलं, आणि ते विक्रेत्यांची फळी ज्याच्याकडे होती त्याचं.