दोन लाल रेघांचं निदान

काशी म्हटलं की आपल्यापुढे उभे राहतात ते गंगेचे घाट, विश्वनाथाचं मंदिर आणि अहिल्याबाईंची पुण्याई. पण याच वाराणसीत, पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ साली स्थापन केलेल्या बनारस हिंदू विद्यापीठात, गोरगरिबांच्या उपयोगाचं मोठं काम झालं आहे. ‘काळा आजार’ या जीवघेण्या तापाचं निदान बोटाच्या एका थेंब रक्तावरून करता येतं, हे दाखवणाऱ्यांत तिथले डॉ. श्याम सुंदर अग्रभागी होते.

बिहार, झारखंड, बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेशातला हा जुना रोग. ओलसर, शेणामातीच्या घरांच्या भेगांत वाढणारी इवलीशी वालुमाशी चावते आणि लिशमॅनिया नावाचा परजीवी शरीरात शिरतो. आठवडेच्या आठवडे ताप हटत नाही, पाणथरी वाढून पोट पुढे येतं, रक्त कमी होतं, अंग खंगत जातं. उपचार झाले नाहीत तर रोगी बहुधा दगावतोच. १९९२ साली देशात ७७ हजारांवर लोकांना हा आजार झाला आणि चौदाशेंहून अधिक बळी गेले, अशी सरकारी नोंद आहे.

औषधं होती, अडचण होती ती निदानाची. खात्री करून घ्यायची तर पाणथरीत किंवा हाडाच्या मगजात सुई खुपसून द्रव काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधायचा. पाणथरीत सुई घालताना आतल्या आत रक्तस्राव होण्याची भीती! त्यासाठी तरबेज डॉक्टर हवा, मोठं इस्पितळ हवं. खेड्यातला शेतमजूर तिथवर पोहोचणार कधी? तोवर मलेरिया, विषमज्वर अशा अंदाजांवर औषधं घेण्यातच घरातलं किडूकमिडूक संपून जाई.

१९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या परजीवीच्या एका प्रथिनात ३९ अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, हे शोधून काढलं. रोग्याचं रक्त या तुकड्याला बरोबर ओळखतं. त्यावरून ‘आरके-३९’ ही कागदी पट्टी तयार झाली. डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भारतीय रुग्णांवर तपासून १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. पट्टी भरवशाची ठरली.

सोन्याची करामत

ही पट्टी चालते कशी? तिच्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड, तर हे कण जेमतेम काही दहा नॅनोमीटरचे. इतकं बारीक झालं की सोनं पिवळं न राहता लालचुटुक दिसतं! मायकेल फॅरडे यांनी १८५७ सालीच त्याचा अभ्यास केला होता.

रक्तात रोगाविरुद्धची प्रतिपिंडं असली की ती या सुवर्णकणांना चिकटतात आणि द्रवाबरोबर पट्टीवर पुढे सरकतात. वाटेत त्या प्रथिनाची अदृश्य रेघ आखलेली असते. तिथे ती अडकतात, कण गोळा होतात आणि लाल रेघ उमटते. दुसरी रेघ पट्टी नीट चालल्याची खूण. ती उमटलीच नाही तर तपासणी बाद. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. वीज नको, यंत्र नको.

घरी गर्भधारणा तपासायची पट्टी याच तत्त्वावर चालते. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या संचाला घरच्या घरी कोरोना तपासण्यासाठी मान्यता मिळाली, तेव्हा तीच रीत आपल्या घराघरांत पोहोचली.

अर्थात पट्टीलाही मर्यादा आहेत. रोग बरा झाल्यावरही प्रतिपिंडं अनेक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. त्यामुळे आजार उलटला आहे का, हे तिच्यावरून सांगता येत नाही. रोगाच्या टापूतल्या धडधाकट माणसाच्या रक्तातही कधी रेघ उमटते. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक ताप आणि वाढलेली पाणथरी असेल, तरच पट्टीचा निकाल ग्राह्य धरतात. खुद्द परजीवीच ओळखणारी सोपी चाचणी अजून हवी आहे.

तरीही फरक मोठा पडला. वेळेवर निदान, एका दिवसात देता येणारं औषध आणि घरोघरची फवारणी यांच्या जोरावर रुग्णसंख्या हजारांवरून शेकड्यांत आली. दर १० हजार वस्तीमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट २०२३ साली देशातल्या सर्व बाधित गटांनी गाठलं.

आपल्याकडे हा आजार क्वचितच दिसतो. पण त्या भागातून आलेली अनेक माणसं मुंबई-पुण्यात आपल्या इमारती बांधतात. त्यांच्यापैकी कुणाचा ताप दोन आठवडे उतरत नसेल, तर तो कुठल्या गावाहून आला हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, तेव्हा भिऊन दूर राहू नका. त्या एका माहितीमुळे त्याची योग्य तपासणी वेळेत होऊ शकते.