लोनवर आलेला मिडफिल्डर

फुटबॉलमध्ये लोन म्हणजे खेळाडू ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबला वापरायला देणं. त्याचा मूळ करार मात्र आधीच्या क्लबकडेच राहतो. पगार कोणी किती द्यायचा, मुदत संपल्यावर विकत घेण्याची मुभा ठेवायची का, हे दोन्ही क्लब आपसात ठरवतात. चाहत्यांचे वाद पेटतात ते याच मुभेवरून.

२८ जानेवारी २०२३ रोजी रेडिंगविरुद्ध अँडी कॅरलच्या टॅकलमुळे ख्रिश्चन एरिक्सनचा घोटा दुखावला आणि मँचेस्टर युनायटेडची मधली फळी उघडी पडली. खरेदीची खिडकी बंद व्हायला जेमतेम तीन दिवस उरले होते. बायर्न म्युनिकमधून मार्सेल साबिट्झर आला, तोही फक्त हंगामापुरता आणि विकत घेण्याच्या मुभेशिवाय. ‘परक्याच्या खेळाडूला आपण का घडवायचं?’ हा सवाल अशा वेळी हमखास निघतो. मला तो इथे गैरलागू वाटतो. अठ्ठावीस वर्षांच्या, लाइपझिगचं कर्णधारपद भूषवलेल्या माणसाला घडवायचं काय? त्याला थेट मैदानात उतरवायचं.

एप्रिलमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सेव्हियाविरुद्ध त्याने पहिल्या एकवीस मिनिटांतच दोन गोल केले. शेवटी दोन स्वयंगोलांमुळे सामना २-२ सुटला, पण त्याचा दोष साबिट्झरकडे जात नाही.

लोनला धास्तावणाऱ्यांचंही अगदीच चूक नव्हतं. त्याच हंगामात लिव्हरपूलने युव्हेंटसकडून लोनवर आणलेला आर्थर मेलो दुखापतीपायी मुख्य संघासाठी अवघी तेरा मिनिटं खेळला. आणि साबिट्झरही युनायटेडकडे न राहता उन्हाळ्यात डॉर्टमुंडला गेला.