फेअरबँक्सच्या हवेवरचे झाकण

अमेरिकेच्या अलास्का राज्यात, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडे खाली, चेना नदीच्या काठी फेअरबँक्स हे गाव आहे. आजूबाजूच्या वस्त्या धरूनही लोकसंख्या एक लाखाच्या आतच. सभोवार शेकडो किलोमीटर जंगल आणि दलदल. अशा गावाची हवा स्वच्छच असणार, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सूक्ष्म कणांची मर्यादा ओलांडणाऱ्या भागांत या गावाची गणना केली आणि २०१७ मध्ये त्याला 'गंभीर' वर्गात टाकले. हे कण अडीच मायक्रॉनांहूनही बारीक असून श्वासाबरोबर फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचतात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी तेथील मर्यादा घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅम आहे. हिवाळ्यात ती ओलांडली जाते.

इतक्या लहान गावात एवढा धूर आला कोठून, असे विचारण्याआधी तो किती हवेत मिसळतो ते पाहू.

एरवी जमीन उन्हाने तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि धूर सोबत नेते. फेअरबँक्सला डिसेंबरच्या अखेरीस दिवस चार तासांहूनही लहान असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दोन अंश वर येतो. बर्फाने झाकलेली जमीन उष्णता बाहेर टाकत राहते, मिळवत मात्र काहीच नाही. तिच्यालगतची हवा सर्वांत थंड, म्हणून सर्वांत जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवा बसते. भूगोलाच्या पुस्तकातली तापमानाची विपरीतता ती हीच. तीन बाजूंनी टेकड्या असल्यामुळे वाराही हे थर ढवळत नाही.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एका बाटलीत रंगीत थंड पाणी घ्यावे, तिच्या तोंडावर पुठ्ठा ठेवून गरम पाण्याची बाटली उलटी बसवावी आणि पुठ्ठा अलगद काढावा. रंग खालीच राहतो. गरम पाणी खाली ठेवून हाच प्रयोग केला की रंग लगेच सगळीकडे पसरतो.

आपल्याकडेही थंडीत पहाटे चुलींचा धूर गावावर पट्ट्यासारखा तरंगताना दिसतो. पण ऊन वर आले की तो मोडतो. फेअरबँक्सला हे झाकण कित्येकदा दिवसेंदिवस उघडत नाही. समजा, एरवी धूर हजार मीटर उंचीपर्यंत पसरतो आणि आज झाकण पन्नास मीटरवर आहे. तर तेवढ्याच धुराची दाटी वीसपट होईल. शिवाय झाकण घट्ट बसते ते कडाक्याच्या थंडीत, म्हणजे शेगड्या सर्वांत जास्त पेटवाव्या लागतात नेमक्या तेव्हाच.

पारा उणे ३० ते ३५ अंशांच्या खाली गेला की आणखी एक गोष्ट घडते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाण्याइतकी वाफ निघते. उणे ४० अंशांना घनमीटरभर हवेत एका ग्रॅमचा जेमतेम आठवा भाग वाफ मावते. म्हणजे हवा पूर्ण कोरडी धरली तरी एका लिटर पेट्रोलच्या वाफेसाठी सुमारे साडेसात हजार घनमीटर हवा लागेल! उरलेली वाफ क्षणात बर्फाचे कण बनते आणि रस्ते हिमधुक्यात बुडतात. कार्ल बेन्सन यांनी १९६० च्या दशकात या धुक्याचा सविस्तर अभ्यास करून ते माणसानेच निर्माण केले आहे हे दाखवून दिले.

वाहनांतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न पुढे सुधारित इंजिनांमुळे आटोक्यात आला. २००४ मध्ये गाव त्या यादीतून बाहेर पडले. सूक्ष्म कणांचे तसे झाले नाही, कारण ते मुख्यतः घराघरांतून येतात. वीजकेंद्राच्या उंच धुराड्यातला धूर बराचसा झाकणाच्या वर निघून जातो, घरांची बुटकी धुराडी मात्र झाकणाच्या आतच धूर सोडतात. त्यात लाकूड ओले असले तर उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते, ज्योत नीट धरत नाही आणि धूर वाढतो. तापवण्याच्या तेलातल्या गंधकाचीही भर पडते. २०२२ पासून तेथे कमी गंधकाचे तेल सक्तीचे आहे.

लाकडाच्या शेगड्या बंद करा, असे सांगणे मात्र सोपे नाही. तेल महाग, नैसर्गिक वायू थोड्याच घरांपर्यंत पोचलेला, आणि उणे ४० अंशांत शेगडी विझणे म्हणजे जिवाशी गाठ. २०१० मध्ये मतदारांनी, स्थानिक प्रशासनाने घर तापवण्याच्या साधनांवर बंधने घालू नयेत, असा कौल दिला. दम्याचे मूल असलेले घर आणि तेलाचे बिल न परवडणारे घर शेजारीशेजारी असतात. दोघांच्याही तक्रारी खऱ्या आहेत.

मार्चपासून सूर्य वर चढू लागतो, झाकण रोज फुटू लागते आणि हवा निवळते. पण जूनमध्ये दिवस जवळजवळ बावीस तासांचा होतो, जंगल वाळते आणि विजा पडून वणवे लागतात. २००४ च्या उन्हाळ्यात अलास्कात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळले, म्हणजे गोव्याच्या सातपट. येथे धूर इतका प्रचंड असतो की तो साठायला झाकणाचीही गरज लागत नाही. झाडांखालचा शेवाळाचा जाड थर ज्योतीशिवाय आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो, आणि ऑगस्टचा पाऊस नीट लागेपर्यंत गावाला खिडक्या मिटूनच बसावे लागते.